मनातली समजूत मोजायची कशी?

पितृपक्षाच्या पंधरवड्यात घोडबंदर रोडवरच्या नव्या संकुलांच्या विक्री कार्यालयांत शुकशुकाट असतो आणि घटस्थापना झाली की तिथेच गाडी लावायला जागा मिळत नाही. हे पाहणारा कोणीही सहज म्हणेल, की पितृपक्षात घर घेणे अशुभ असते असा ठाणेकरांचा विश्वास आहे. पण थोडे जवळून पाहिले, तर टोकन न देणाऱ्या कुटुंबांची कारणे एकसारखी नसतात. एका घरात कर्त्या माणसाला खरोखरच अनिष्टाची भीती वाटत असते. दुसऱ्या घरात त्याला स्वतःला काहीही वाटत नसते, पण आईचे मन कशाला दुखवायचे म्हणून तो पंधरा दिवस थांबतो. तिसऱ्या घरात दसऱ्याच्या सवलतीचा हिशेब झालेला असतो. चौथ्या घरात भीती असते ती पितरांची नसून नातेवाइकांची, कारण पुढेमागे काही विपरीत घडलेच तर ‘तरी सांगत होतो’ हे वाक्य आयुष्यभर ऐकावे लागणार. चारही कुटुंबे वागली अगदी सारखी, पण ज्याला आपण विश्वास म्हणतो तो त्यांपैकी एकाच घरात होता.

रोजच्या समजुतींचा अभ्यास करणाऱ्यांपुढची मुख्य अडचण ही आहे. माणूस जे बोलतो, जे करतो आणि ज्यावर तो स्वतःचे काही पणाला लावायला तयार असतो, या तीन गोष्टी एकमेकींशी जुळतीलच असे नाही. त्यामुळे ‘तुमचा यावर विश्वास आहे का?’ असा एकच प्रश्न विचारून आणि ‘हो’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी काढून समजूत मोजली असे म्हणणे मला मान्य नाही. मोजता येते, चांगल्या प्रकारे मोजता येते, पण त्यासाठी बरीच मेहनत घ्यावी लागते. ती मेहनत कोणती, हे सामान्य वाचकालाही ठाऊक असायला हवे, कारण अशा टक्केवाऱ्या रोज त्याच्यासमोर येतात.

रोजच्या समजुती म्हणजे अंधश्रद्धाच, असे धरून चालू नये. सर्दीत केळे खाऊ नये, छत्री नेली की पाऊस येत नाही, आपण ज्या रांगेत उभे राहतो तीच नेमकी रखडते, पावसाळी हवेत सांधे धरतात, प्रामाणिक माणसाचे शेवटी भलेच होते, गरीब माणूस कष्ट करत नाही म्हणून गरीब राहतो, या सगळ्या समजुतीच आहेत. यांतल्या काही निरुपद्रवी आहेत, काहींत तथ्याचा अंश आहे आणि काही दुसऱ्या माणसावर अन्याय करणाऱ्या आहेत. त्यांना जोडणारी गोष्ट एवढीच, की त्या कोणी पुराव्यानिशी शिकवलेल्या नसतात आणि तरीही त्यांवर आपले अनेक छोटे-मोठे निर्णय उभे असतात.

समजूत खरी की खोटी हे तपासणे आणि ती लोकांच्या मनात किती खोल रुजली आहे हे मोजणे, ही दोन स्वतंत्र कामे आहेत. पहिल्या कामाचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० बौद्धिक दिव्यांग मुलांच्या जन्मवेळांवरून कुंडल्या तयार केल्या, त्यांतल्या ४० कुंडल्या प्रत्येक ज्योतिषाला दिल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे सरासरी यश सुमारे ४६ टक्के आले, म्हणजे नाणे उडवून सांगितले असते तरी एवढेच जमले असते. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून ज्योतिषाचा एक विशिष्ट दावा तपासला गेला. पण विवाह जुळवताना पत्रिका पाहणाऱ्या माणसाच्या मनात नेमके काय चालते, हे त्या प्रयोगातून कळत नाही, आणि ते सांगण्याचा त्याचा हेतूही नव्हता. प्रस्तुत लेख दुसऱ्या कामाविषयी आहे.

मोजण्याआधी समजूत तयार कशी होते हे थोडे पाहू, कारण मोजपट्टी त्यावरच ठरते. छत्रीचेच उदाहरण घ्या. समजा नौपाड्यातल्या एका गृहस्थांनी पावसाळ्यातल्या १०० दिवसांची नोंद ठेवली. त्यांपैकी ६० दिवस त्यांनी छत्री नेली, तेव्हा ४२ दिवस पाऊस पडला आणि १८ दिवस पडला नाही. ४० दिवस छत्री घरी राहिली, तेव्हा २८ दिवस पाऊस पडला आणि १२ दिवस पडला नाही. आता ६० पैकी ४२ म्हणजे ७० टक्के आणि ४० पैकी २८ म्हणजेही ७० टक्केच. पावसाचा आणि छत्रीचा काडीमात्र संबंध नाही, हे या चार आकड्यांवरून स्पष्ट दिसते. परंतु स्टेशनवरून घरी येईपर्यंत ओलेचिंब झालेले ते २८ दिवस आणि कोरडी छत्री काखेत मिरवलेले ते १८ दिवस मनात ठसतात, तर छत्री नेली व ती वापरली, किंवा नेली नाही व लागलीही नाही, असे उरलेले ५४ दिवस कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. कारण त्यांत सांगण्यासारखे काही घडलेले नसते. दोन गोष्टींचा संबंध ठरवायला चारही शक्यतांचे आकडे लागतात आणि आपले मन मात्र एक-दोन शक्यतांवरच समाधान मानते, हे मानसशास्त्रात विसाव्या शतकाच्या साठच्या दशकापासून वारंवार दाखवून दिले गेले आहे.

सांधेदुखीच्या समजुतीवर डोनाल्ड रेडेलमायर आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी १८ संधिवाताच्या रुग्णांच्या वेदनांच्या १५ महिन्यांच्या नोंदी हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. बहुतेक रुग्णांना संबंधाची खात्री होती. नोंदींत मात्र तो आढळला नाही. पुढे २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये मोबाइलवरून २,६५८ जणांच्या नोंदी घेऊन केलेल्या मोठ्या अभ्यासात दमट हवा, हवेचा कमी दाब आणि वारा यांचा वेदनेशी संबंध दिसला, पण तो माफक होता. म्हणजे आपल्या आजीची समजूत सर्वस्वी निराधार नव्हती. तरीही आजीला जेवढी खात्री वाटत होती, तेवढी खात्री देण्याइतका संबंध तिच्या एकटीच्या अनुभवातून दिसणे शक्य नव्हते. समजुतीचे खरेपण आणि तिच्याबद्दल वाटणारी खात्री या दोन वेगळ्या राशी आहेत, हे अशा उदाहरणांत लख्ख दिसते.

याहून गुंतागुंतीची गोष्ट अशी, की एखादी समजूत खोटी आहे हे पक्के ठाऊक असूनही माणूस तिच्याप्रमाणे वागतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले पॉल रोझिन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींसमोर दुकानातल्या एकाच पुड्यातली साखर दोन बाटल्यांत ओतली. एका चिठ्ठीवर साखर आणि दुसरीवर सोडियम सायनाइड असे लिहिलेले होते. कोणती चिठ्ठी कोणत्या बाटलीला चिकटवायची, हे त्या व्यक्तीनेच ठरवायचे होते. नंतर दोन्ही बाटल्यांतल्या साखरेचे पाणी प्यायला दिले, तेव्हा विषाची चिठ्ठी लावलेल्या बाटलीतले पाणी पिण्याची लोकांची तयारी कमी दिसली. आत साखरच आहे हे त्यांना पूर्ण ठाऊक होते, चिठ्ठी त्यांच्याच हाताने लागली होती, तरी मन कचरलेच.

शिकागो विद्यापीठातल्या जेन रायझन यांनी २०१६ मध्ये याचे जे स्पष्टीकरण दिले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. आपला विचार चुकतो आहे हे लक्षात येणे ही एक पायरी आणि तो दुरुस्त करणे ही दुसरी; पहिली चढली म्हणजे दुसरी आपोआप चढली जाते असे नाही. माणूस ‘हे तर्काला धरून नाही’ असे मनाशी कबूल करतो आणि तरीही त्या समजुतीला शरण जातो, विशेषतः तसे वागायला फारसा खर्च येत नसेल तेव्हा. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्या अभियंत्याला ढोंगी ठरवणाऱ्यांनी हे स्पष्टीकरण अवश्य लक्षात घ्यावे. तो खोटे बोलत नसतो. त्याला विचारले तर तो ‘नाही, माझा विश्वास नाही’ असे प्रामाणिकपणे सांगेल आणि पुढच्या शनिवारी दहा-वीस रुपयांची नवी लिंबू-मिरची प्रामाणिकपणेच बांधेल.

अशा मनाला प्रश्न विचारायचा कसा? या प्रश्नाचा पद्धतशीर विचार शिकागोतच सुरू झाला. लुई थर्स्टन यांनी १९२८ मध्ये अभिवृत्ती, म्हणजे एखाद्या गोष्टीकडे असलेला माणसाचा अनुकूल किंवा प्रतिकूल कल, मोजता येतात असे ठामपणे मांडले. त्यांची पद्धत कष्टाची होती. एखाद्या विषयावरची पुष्कळ विधाने गोळा करायची, मोठ्या संख्येने परीक्षक बसवायचे, त्यांच्याकडून ती विधाने अगदी प्रतिकूल ते अगदी अनुकूल अशा ११ गठ्ठ्यांत लावून घ्यायची आणि त्यावरून प्रत्येक विधानाचे वजन ठरवायचे. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये परीक्षकांचा हा सगळा खटाटोप टाळणारी वाट दाखवली. उत्तर देणाऱ्यालाच प्रत्येक विधानाशी तो किती सहमत आहे हे पाच पायऱ्यांवर सांगू द्यायचे आणि सर्व विधानांचे गुण मिळवायचे. आज बँकेपासून उपाहारगृहापर्यंत सगळीकडे ‘पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत’ अशा ज्या पाच खुणा दिसतात, त्यांचे मूळ इथे आहे. मात्र लिकर्ट यांची पट्टी म्हणजे त्या पाच खुणा नव्हेत. एकाच समजुतीकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहणारी अनेक विधाने आणि त्यांची बेरीज मिळून पट्टी होते. एकाच विधानावर खूण घेऊन निष्कर्ष काढणारे सर्वेक्षण या पद्धतीचे नाव घेते, पण तिचा फायदा त्याच्या पदरात पडत नाही.

फायदा कोणता, ते पितृपक्षाच्याच विषयावर विधाने लिहून पाहू. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण असे काहीतरी लिहितात: ‘पितृपक्षात घर घेणे अशुभ असल्यामुळे ते टाळावे.’ हे विधान निकामी आहे, कारण त्यात दोन गोष्टी आहेत. अशुभ नाही पण टाळावे, असे मानणाऱ्या माणसाने कुठे खूण करायची? म्हणून दोन वेगळी विधाने करावी लागतात: ‘पितृपक्षात घेतलेले घर लाभत नाही’ हे एक, ‘घरातल्या मोठ्यांची इच्छा नसेल तर मी पितृपक्षात व्यवहार करणार नाही’ हे दुसरे. पहिले विधान समजुतीविषयी आहे, दुसरे नात्यांविषयी, आणि दोघांचे गुण एकाच बेरजेत धरले तर आपण काय मोजले ते आपल्यालाच सांगता येणार नाही. पुढे उलट्या बाजूचे विधानही हवे: ‘व्यवहार चोख असेल तर कोणताही दिवस चांगलाच.’ उलटी विधाने घालण्याचे कारण असे, की पुष्कळ माणसे समोरच्याचे मन राखण्यासाठी किंवा लवकर मोकळे होण्यासाठी प्रत्येक विधानाला होकार देत जातात. सुलट आणि उलट दोन्ही विधानांना ‘पूर्ण सहमत’ मिळाले, की तो होकार समजुतीचा नसून सवयीचा आहे हे लगेच ओळखू येते. मग माणसाला कृतीच्या जवळ नेणारे विधान घालावे: ‘मनासारखे घर योग्य किमतीत मिळत असेल आणि ते उद्याच दुसरा कोणी घेणार असेल, तर मी पितृपक्षातही टोकन देईन.’ या शेवटच्या विधानावर अनेकांची पेन्सिल थबकते, आणि जिथे ती थबकते ते विधान सहसा कामाचे असते.

तयार पट्टी परदेशातून उचलून आणली तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. अलौकिक गोष्टींवरचा विश्वास मोजण्यासाठी जेरोम टोबॅसिक यांची पट्टी जगभर वापरली जाते. तिच्यात काळी मांजर, फुटलेला आरसा आणि १३ हा अंक यांच्याविषयी विधाने आहेत आणि स्कॉटलंडच्या लॉख नेस तळ्यातल्या महाकाय प्राण्याविषयीही एक विधान आहे. कळव्यातल्या किंवा ऐरोलीतल्या एखाद्या मावशींना त्या तळ्याविषयी विचारले, तर त्यांच्या उत्तरातून त्यांची श्रद्धा कळणार नाही. त्यांनी ते नाव ऐकले आहे की नाही एवढेच कळेल. उलट निघताना कोणी ‘कुठे चाललात?’ असे विचारले तर काम होत नाही, तीन माणसांनी एका कामाला जाऊ नये, शनिवारी नवे तेल घरात आणू नये, या समजुती त्या पट्टीत नाहीत आणि त्यामुळे त्यांच्या घरात प्रत्यक्ष वावरणाऱ्या समजुतींचा मागमूसही गुणांत उतरणार नाही.

विधान खरे असेल तरीही ते निरुपयोगी ठरू शकते. ज्युलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये आयुष्याची सूत्रे स्वतःच्या हाती आहेत असे माणूस मानतो की नशिबाच्या, हे मोजण्यासाठी विधानांच्या जोड्या तयार केल्या. प्रत्येक जोडीतले एकच विधान निवडायचे असते. नवी मुंबईत या धर्तीवर जोडी करताना कोणी ‘सिडकोच्या सोडतीत घर लागणे हा नशिबाचा भाग आहे’ असे लिहिले, तर नशीबवादी आणि प्रयत्नवादी दोघेही तेच निवडतील, कारण सोडत ही खरोखरच योगायोगावर चालते. तिथे नशीब म्हणणे ही श्रद्धा नसून वस्तुस्थिती आहे. पदोन्नती, परीक्षेतले यश किंवा दुकान चालणे, असे जिथे प्रयत्न आणि योगायोग दोन्ही असतात, तेच विषय अशा जोडीसाठी उपयोगी पडतात.

आता प्रश्नावली घेऊन प्रत्यक्ष घरात जाऊ. वर्तकनगरच्या जुन्या वसाहतीतल्या दीड खोल्यांच्या घरात सूनबाई प्रश्नांची उत्तरे देत आहेत, सासूबाई समोरच्या कॉटवर भाजी निवडत आहेत आणि ‘मूल आजारी पडले तर दृष्ट काढल्याने फरक पडतो’ या विधानापाशी येताच सूनबाईंचा आवाज किंचित बदलतो. त्यांनी ‘सहमत’ म्हटले. हीच सूनबाई शिवणाच्या वर्गात मैत्रिणींबरोबर बसलेली असती आणि प्रश्न विचारणारी मुलगी विज्ञान महाविद्यालयाची आहे हे तिला ठाऊक असते, तर तिने बहुधा ‘असहमत’ म्हटले असते. समोरच्याला आवडेल असे उत्तर देण्याच्या या प्रवृत्तीला सामाजिक इष्टता म्हणतात आणि ती एकाच दिशेने ओढत नाही, हे आपल्याकडे विशेष लक्षात ठेवावे लागते. देवघरासमोर ती श्रद्धेकडे ओढते, शिक्षकांसमोर अश्रद्धेकडे. कोण विचारत होते आणि कोण ऐकत होते याची नोंद न ठेवता गोळा केलेल्या उत्तरांवर मी तरी विसंबणार नाही.

उत्तराच्या पर्यायांतूनही उत्तर घडते. नॉर्बर्ट श्वार्त्स आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये जर्मनीत लोकांना ते रोज किती वेळ दूरचित्रवाणी पाहतात असे विचारले. एका गटाला अर्ध्या तासापर्यंत इथून सुरू होऊन अडीच तासांहून अधिक इथे संपणारे पर्याय दिले. दुसऱ्या गटाचे पर्याय अडीच तासांपर्यंत इथूनच सुरू होत होते. पहिल्या गटात १६.२ टक्के लोकांनी अडीच तासांहून अधिक पाहतो असे सांगितले, दुसऱ्या गटात ३७.५ टक्के लोकांनी. पर्यायांच्या मधल्या भागाला माणूस चारचौघांचे प्रमाण समजतो आणि स्वतःला त्याच्या आसपास बसवतो. शिवाय मत नसतानाही मत देण्याची सवय असते ती वेगळीच. जॉर्ज बिशप आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत अस्तित्वातच नसलेल्या एका कायद्यावर मत विचारले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांनी ते दिले, आणि हा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्नावलीत ‘यावर माझे काही मत नाही’ ही जागा ठेवली नाही, तर अशी मते गुपचूप बेरजेत मिसळतात.

मग शब्द सोडून थेट वागणूकच पाहावी, असे कोणाला वाटेल. रिचर्ड ला पिएर यांच्या १९३४ मधल्या लेखाचा दाखला त्यासाठी नेहमी दिला जातो. चिनी लोकांविरुद्ध अमेरिकेत तीव्र पूर्वग्रह असलेल्या काळात ते एका चिनी दांपत्याबरोबर देशभर हिंडले आणि निवास व भोजनाच्या २५१ ठिकाणी गेले. नकार एकाच ठिकाणी मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्राने विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्या १२८ जणांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी पाहुण्यांना घेणार नाही असे कळवले. बोलणे आणि वागणे यांतले अंतर यातून दिसते हे खरे. पण पत्राचे उत्तर देणारा माणूस आणि दारात स्वागत करणारा माणूस एकच होता का, सोबत गोरा प्राध्यापक नसता तर काय झाले असते, हे प्रश्न उरतात. पितृपक्षातल्या चार कुटुंबांनीही हेच दाखवले. वागणुकीत समजूत असते, तशी सोय, भीड आणि परिस्थितीही असते.

भिडेवर एक उपाय मात्र अतिशय सुंदर आहे आणि तो आकड्यांचा आहे. स्टॅनली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेचे सोपे रूप असे. समजा कोपरखैरण्यातल्या २०० जणांना विचारायचे आहे, की त्यांनी गेल्या वर्षभरात अडचण दूर व्हावी म्हणून एखाद्या बाबा-बुवाला पैसे दिले का. प्रत्येकाने आडोशाला नाणे उडवायचे. छापा पडला तर काहीही असले तरी ‘हो’ म्हणायचे, काटा पडला तर खरे सांगायचे. एखाद्याने ‘हो’ म्हटले तर ते नाण्यामुळे की खरोखर, हे विचारणाऱ्याला कळण्याचा मार्गच नसतो, म्हणून लाजण्याचे कारण उरत नाही. आता समजा १३० ‘हो’ आले. त्यांतले सुमारे १०० नाण्याचे असणार, कारण २०० नाण्यांत साधारण तेवढे छापे पडतात. उरलेले ३० हे काटा पडलेल्या सुमारे १०० जणांतले खरे होकार, म्हणजे प्रमाण अंदाजे ३० टक्के. कोणा एकाचे गुपित बाहेर पडले नाही आणि वस्तीचे चित्र मिळाले. किंमत एवढीच, की निम्मी उत्तरे नाण्याच्या पदरात गेल्यामुळे पुरेसा नेमका अंदाज हवा असेल तर माणसे जास्त घ्यावी लागतात, आणि नियम नीट समजावून सांगावा लागतो.

खात्री किती खोल आहे हे मोजण्याचा मार्ग केंब्रिजच्या फ्रँक रॅम्सी या तरुण तत्त्वज्ञाने १९२६ मध्ये लिहिलेल्या निबंधात सापडतो; वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि निबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे असे, की एखादी गोष्ट माणूस किती मानतो याचे माप म्हणजे तो तिच्या भरवशावर कृती करायला किती तयार आहे. रस्ता फुटतो तिथे उभ्या असलेल्या माणसाला एक वाट बरोबर वाटते, पण दूर शेतात कोणी दिसले तर वाट विचारायला तो किती अंतर वाकडे चालेल, यावरून त्याची खात्री समजते. येऊरच्या जंगलात वाट चुकलेल्या कोणालाही हे पटेल. समजुतींच्या बाबतीत प्रश्न असा विचारता येतो: पितृपक्षात हेच घर ५० हजारांनी स्वस्त मिळाले तर घ्याल का? दोन लाखांनी? पाच लाखांनी? ज्या आकड्याला नकाराचा होकार होतो, तो आकडा ‘पूर्ण सहमत’ या खुणेपेक्षा कितीतरी अधिक सांगतो. अर्थात पाच लाखांचे मोल पाचपाखाडीतल्या डॉक्टरला आणि रबाळ्यातल्या कामगाराला सारखे नसते, त्यामुळे हे आकडेही उत्पन्नाशी लावूनच वाचावे लागतात.

पट्टी तयार झाल्यावर तिची स्वतःची परीक्षा घ्यायची असते. त्याच माणसांना दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा विचारले तर गुण साधारण तेच यायला हवेत. मधल्या काळात परीक्षेचा निकाल, घरातले आजारपण किंवा गणपती आले असतील तर फरकाचा अर्थ जपून लावावा. एका पट्टीतली विधाने परस्परांशी जुळून चालतात का, हे पाहण्यासाठी ली क्रॉनबॅक यांनी १९५१ मध्ये लोकप्रिय केलेला अल्फा गुणांक वापरतात. तो जास्त आला की अहवाल लिहिणारे निर्धास्त होतात, पण एकच वाक्य पाच प्रकारे फिरवून लिहिले तरी हा गुणांक उत्तम येतो. विधाने एकमेकांशी जुळतात एवढेच तो सांगतो. जे मोजायचे होते तेच मोजले गेले का, याचे उत्तर बाहेर शोधावे लागते: जास्त गुण मिळवणारी माणसे मुहूर्त पाहण्यावर खरोखर अधिक वेळ आणि पैसा घालवतात का, आणि केवळ रूढी पाळणाऱ्या माणसाचे गुण भीती बाळगणाऱ्या माणसाहून वेगळे येतात का?

एवढे सगळे करूनही एखाद्याच्या गुणांचा हाती आलेला, समजा ५० पैकी ३४ हा, आकडा एकटा काही बोलत नाही. तो इतरांच्या गुणांशेजारी ठेवला तरच त्याला अर्थ येतो, आणि तोही गटासाठी अधिक, व्यक्तीसाठी कमी. गटाच्या अभ्यासासाठी बनवलेल्या पट्टीवरून शेजारच्या काकांना ‘अंधश्रद्धाळू’ ठरवणे हा पट्टीचा गैरवापर आहे आणि काकांवर अन्यायही. गटागटांची तुलना करतानाही घाई करू नये. नौपाड्यातल्या जुन्या रहिवाशांची सरासरी नेरूळच्या तरुण कुटुंबांपेक्षा जास्त आली, तर ती समजुतीतल्या फरकामुळे आली की ‘मोठ्यांची इच्छा’ या विधानाचा अर्थच दोन्हीकडे वेगळा लागला, कारण एका घरात मोठे सोबत राहतात आणि दुसऱ्या घरात ते गावी असतात, हे आधी पाहावे लागते. त्यासाठी प्रत्येक विधान दोन्ही गटांत बाकीच्या विधानांशी सारख्याच प्रकारे जोडलेले आहे का, हे विधानागणिक तपासतात. जे विधान एका गटात वेगळे वागते ते वगळून बेरीज पुन्हा करतात, आणि मगच दोन सरासऱ्या शेजारी शेजारी मांडतात.